उसने सुकाणू

लहानपणी उसने आणायला नेहमी मलाच पाठवीत आणि मी नेहमी तोंड पाडून जाई. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडे होती आणि सातांपैकी कुणाकडे तरी कशाची तरी वानवा रोज असे. वाटीभर साखर, मूठभर कोथिंबीर, पाहुणे आले तर दोन जादा पाट. मी वाटी पाठीमागे लपवून दारात उभा राही. "काय रे, काय हवंय?" असे कुणी विचारले की, "काही नाही, सहज आलो," म्हणून परत फिरे आणि घरी येऊन आईचे बोलणे खाई. माझा थोरला भाऊ, दादा, याच्या अगदी उलट. तो वाटी डोक्यावर टोपीसारखी पालथी घाली, जिन्यातूनच ओरडत वर जाई आणि साखरेबरोबर एखादा लाडूही उपटून आणी.

असा मी, साठी उलटल्यावर मोटारीचे स्टिअरिंग उसने आणीन, असे त्या वेळी कुणी सांगितले असते तर ते खरे वाटले नसते. अर्थात मोटारच खरी वाटली नसती. सबंध वाड्यात मिळून सायकली होत्या तीन, आणि त्यांतली एक पंक्चर.

मास्तरकी करून निवृत्त झालेल्या माणसाच्या दारात मर्सिडीज कशी, हे आधी सांगितले पाहिजे; नाहीतर वाचक भलतीच शंका घेतील. गाडी माझी नव्हे, दादाची. दादा साताऱ्याला डॉक्टर होता. २००४ साली त्याने ती कुणाकडून तरी जुनी घेतली. तिच्या जातकुळीला जगभर 'डब्ल्यू १२४' म्हणतात. जर्मनीत ही जात १९८४ साली जन्मली. पुढे १९९५ साली मर्सिडीजने आपल्या देशात गाड्या बांधायला घेतल्या, तेव्हा पहिली बांधली ती हीच. आणि बांधली तीही पुण्याजवळ, टेल्कोच्या आवारात. त्यामुळे दादा म्हणे, "अरे, नाव जर्मन, पण माहेर पिंपरीचं!" चौकोनी अंगलट, दारे तिजोरीसारखी, आणि समोरच्या काचेला वायपर एकच. पण तो एकच असा लांबरुंद हात फिरवून काच पुसतो, की वाटावे, ही एखादी जुनी, तरबेज गृहिणी ओटा पुसते आहे.

गेल्या वर्षी फाल्गुनात दादा गेला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडी तुम्ही न्या. भंगारात द्यायचं माझ्याच्यानं होणार नाही." गाडी आली. जुन्या गाडीची फेरनोंदणी, तिचे कर, तिचे पेट्रोल या सगळ्यांसह आली. आमच्या सौभाग्यवतींनी तिला ओवाळले आणि आत बसून पहिला प्रश्न विचारला, "अहो, तुमचे हात काळे कशाने झाले?"

काळे झाले होते स्टिअरिंगने. दादाच्या गाडीचे स्टिअरिंग कातड्याने मढवलेले होते. आमच्या चाकाचा रंग जागोजाग सुटला होता, वरचा भाग चिकट झाला होता आणि हात ठेवला की तळव्यावर काळे कण येत. याचे कारण मला ठाऊक होते. २०२० साली सगळे जग दारे लावून बसले असता सत्तरीकडे झुकलेला दादा रोज दवाखान्यात जात होता. रोगी तपासला की हाताला सॅनिटायझर, गाडीत बसला की सॅनिटायझर, उतरला की सॅनिटायझर. त्यातल्या मद्यार्काने जंतू मेले असतील ते असोत. कातड्यावरचा रंग आणि त्यावरचे संरक्षक लेपण मात्र विरघळून गेले. ओल्या हातांनी त्याने ते चाक दोन वर्षे धरले होते. डाव्या बाजूला, जिथे त्याचा अंगठा टेके, तिथे तर कातडे झिजून चक्क एक खळगी पडली होती.

"हे नीट करून घ्या," सौ. म्हणाली. "माझं लुगडं नाही, पण तुमचे सदरे तरी वाचतील."

नीट करणारा कारागीर पुण्यातच आहे. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, त्यांच्या मागच्या एका बोळात तो बसतो. चाक त्याच्याकडे सोडून यावे लागते. आधी तो ते मऊ कुंचल्याने धुतो, मग स्पिरिटने पुसून जुना चिकटा आणि तेल काढतो. गंमत पाहा, ज्याने बिघडले त्यानेच सुधारायला सुरुवात! मग बारीक पॉलिश कागद फिरवायचा, चिरा लेपाने बुजवायच्या, स्पंजाने रंगाचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. अशा पाच-सहा हातांनंतर वरून बिनचकाकीचा संरक्षक लेप. एकूण आठ-दहा दिवस. आणि तोवर गाडी? स्टिअरिंग नसलेली गाडी ही मानेवाचून धड. ती चालत तर नाहीच, पण ढकलून कोपऱ्यात लावायची म्हटले तरी वळत नाही.

या अडचणीवर तोड काढली आमच्या मंडळाने. या जातीच्या गाड्या बाळगणाऱ्या दहा-बारा लोकांचे आमचे एक मंडळ आहे. त्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, घटना नाही; म्हणूनच ते अजून टिकून आहे. पुण्याचे एक निवृत्त कर्नलसाहेब, मुंबईचे एक वकील, नाशिकच्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई, कोल्हापूरचे एक गूळ-व्यापारी, अशी सगळी मंडळी. कर्नलसाहेबांना कुर्ल्याच्या भंगारबाजारात मोडीत निघालेल्या गाडीचे एक सुस्थितीतले चाक मिळाले. सगळ्यांनी वर्गणी काढून ते घेतले. ज्याचे चाक दुरुस्तीला जाईल त्याने तेवढे दिवस हे आपल्या गाडीला लावायचे आणि आपले आले की पुढच्याकडे धाडायचे. अनामत नाही, भाडे नाही. एक खाकी कापडी पिशवी आणि तिच्यात चाकाबरोबर फिरणारी एक शंभर पानी वही, एवढाच कारभार.

श्रावणात पिशवी माझ्याकडे आली. कर्नलसाहेब स्वतः घेऊन आले. "मास्तर, दहा दिवस. फार तर बारा. पुढचा नंबर नाशिकचा आहे."

मी वही उघडली. प्रत्येकाने आपापल्या मुक्कामाची नोंद केली होती. कोल्हापूरकरांनी लिहिले होते, "खंबाटकीत धो धो पाऊस. चाक उत्तम." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "आतल्या बाजूची शिवण अर्धा इंच उसवलेली आढळली. माझ्या हातून नव्हे. तरी शिवून घेतली आहे." पुढे वकीलसाहेब, "नातवाने बॉलपेनने रेघ मारली. पुसली. थोडी राहिली. क्षमस्व." वकिलाने लेखी कबुलीजबाब द्यावा, हे पाहून मला त्या चाकाविषयी एकदम आदर वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने आधी बॅटरीची तार काढली आणि बिडी ओढायला गेला. मला तो आळस वाटला. पण तो शहाणपणा होता. या चाकाच्या पोटात अपघाताच्या वेळी फुगणारी एअरबॅग असते; तिच्या मंडलात उरलेली वीज जिरायला थोडा वेळ द्यावाच लागतो. मग त्याने मागचे दोन स्क्रू काढून ती अलगद उचलली आणि उशीची बाजू वर करून ठेवली. ही एअरबॅग ज्याची त्याच्या गाडीपाशीच राहते. उसने फिरते ते नुसते चाक. मग मधला मोठा बोल्ट निघाला, दांड्यावर खूण झाली, आणि दादाचे चाक माझ्या हातात आले. गाडीवर असताना ते केवढे मोठे वाटे! हातात आल्यावर एखाद्या जुन्या चाळणीच्या कडीसारखे दिसू लागले.

उसने चाक बसले. त्यावर हात ठेवला तेव्हा कुणा परक्याशी हस्तांदोलन करावे तसे वाटले. माझी स्वतःची हाकण्याची रीत फारशी चांगली नाही. एक कोपर खिडकीत, एक हात चाकावर, आणि मन तिसरीकडेच. पण त्या दिवसापासून माझे दोन्ही हात आपोआप जागेवर येऊ लागले. चाकाला खरचटू नये म्हणून मी घड्याळाचा पट्टा आत वळवला. वकिलांच्या नातवाची निळी रेघ वळणावर डोळ्यांसमोरून जाई आणि वाटे, आपल्या नावापुढे वहीत असले काही लिहायची पाळी येऊ नये. आपल्या वस्तूवर आपण मालकी गाजवतो, पण उसन्या वस्तूच्या घरी आपण पाहुणे असतो. आणि पाहुणा यजमानापेक्षा नेहमीच नीट बसतो.

इथपर्यंत सगळे छान झाले. आता जे सांगायचे आहे ते माझ्या कमीपणाचे आहे.

दादाचे चाक मी एका जुन्या धोतरात गुंडाळले आणि दुसऱ्या दिवशी नाना पेठेत नेणार, म्हणून कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी सोमवार. मग राखीपौर्णिमा, मग गोकुळाष्टमी, मग गणपती. गणपतीत पुण्याच्या पेठांत गाडी घालणे म्हणजे वेडेपणा, हे कुणीही मान्य करील. गणपती गेले आणि पितृपंधरवडा लागला. मी सौ.ला म्हटले, "आता या पंधरवड्यात नवं काम कशाला?" ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. कातडे रंगवायला पितृपक्ष वर्ज्य असतो, असे कुठल्याच पंचांगात लिहिलेले नाही.

खरी गोष्ट अशी, की रात्री सगळे निजल्यावर मी दोनदा कपाट उघडले होते. धोतराची घडी सोडून डाव्या बाजूच्या त्या खळगीत अंगठा ठेवून बघितला होता. दादाचा अंगठा माझ्यापेक्षा रुंद. माझा त्यात सैल बसे. कारागिराच्या हाती चाक दिले की ही खळगी बुजणार, वर नवा काळा रंग चढणार, आणि मग ते कुणाचेही चाक होणार. दादाचे कपडे वहिनींनी वाटून टाकले होते. चष्मा मुलाने अमेरिकेला नेला. माझ्याकडे ही एवढीच खळगी होती.

आणि माझ्या गाडीवर दहा जणांचे चाक आरामात फिरत होते.

पंधरवडा अर्धा सरला असताना नाशिकहून फोन आला. डॉक्टरीणबाई अगदी संकोचून बोलत होत्या. "काका, घाई मुळीच नाही. सहज केला. आमच्या बाबांचं सहस्रचंद्रदर्शन कोजागरीला करायचं ठरलंय. गाडी त्यांचीच. त्याच गाडीतून त्यांना त्र्यंबकेश्वराला न्यायचं मनात आहे. त्यांचं चाक फार खराब झालंय, तेवढं आधी करून मिळालं असतं तर… पण तुमचं व्हायचं असेल तर राहू दे. खरंच घाई नाही."

"घाई नाही" हे ज्या माणसाला दोनदा म्हणावे लागते, त्याला किती घाई असते, हे मला कळायला हवे होते. वाटी पाठीमागे लपवून "सहज आलो" म्हणणारा मीच ना? मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि फोन ठेवला.

सौ. स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती वाईची, तिचेही बालपण वाड्यातच गेलेले. पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आमच्या वाड्यात चकलीचा सोऱ्या एकच होता. पितळी. दिवाळीआधी तो घरोघर फिरायचा. आज खालच्या काकूंकडे, उद्या आमच्याकडे, परवा मागच्या बिऱ्हाडात. ज्या घरी त्या वर्षी कुणी गेलेलं असेल, त्या घरी सोऱ्या जात नसे. त्या घरी प्रत्येक घरातून फराळाचं ताट जाई. तुम्हांला ताट हवं होतं. ते न मागता तुम्ही सोऱ्याच धरून बसलात."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते. थोड्या वेळाने ती पुन्हा आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "कपाट मीही उघडून बघितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्रीला बोलावले. उसने चाक उतरवले. माझे तयार होईपर्यंत ते ठेवून घेण्याचा हक्क मी केव्हाच गमावला होता. मिस्त्री म्हणाला, "साहेब, गाडी अशीच उभी ठेवणार?" म्हटले, "अशीच." एअरबॅग कपाटात गेली. सौ.ने पिशवीत चाक घातले, वही घातली आणि वर राजगिऱ्याच्या लाडवांचा एक डबा ठेवला. "पोचेपर्यंत नवरात्र बसेल, उपासाला होतील. रिकामं भांडं कधी परत जाऊ नये." वहीत मी लिहिले, "मुक्काम दहा दिवसांऐवजी महिन्याहून अधिक. कारण वैयक्तिक. चूक माझी." त्यापेक्षा जास्त लिहिणे जमले नाही.

मग धोतरात गुंडाळलेले चाक घेऊन रिक्षाने नाना पेठेत गेलो. कारागिराने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि त्याचा अंगठा नेमका त्या खळगीवर थांबला. मी घाईघाईने म्हणालो, "एवढी जागा भरू नका."

"भरली तर एकसारखं दिसेल."

"एकसारखं नकोच आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. "कातडं तेच राहतं, साहेब. रंग फक्त वरचा असतो. कातडं बदलायचं असेल, तर ते वेगळं काम." हे वाक्य मी एक महिना आधी ऐकले असते तर! पण ते ऐकायला त्याच्या बोळापर्यंत जावे लागत होते. मी त्याला म्हटले, नाशिकहून एक चाक येईल, ते आधी घ्या, माझे मागाहून. तो हसला. "आधी घेईन. पण रंगाला घाई कळत नाही. पाऊस रेंगाळलाय, वाळायला वेळ लागणार."

तसेच झाले. दसरा आला. सोसायटीत सगळ्यांनी आपापल्या गाड्या धुऊन स्टिअरिंगला झेंडूच्या माळा घातल्या. आमच्या गाडीला माळ घालायला स्टिअरिंगच नव्हते. सौ.ने ती त्या एकुलत्या एका वायपरला बांधली. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा खिडकीतून आत डोकावून म्हणाला, "आजोबा, तुमच्या गाडीचं स्टिअरिंग चोरीला गेलं?" मी म्हटले, "नाही रे, शाळेला गेलंय." त्याच आठवड्यात पाण्याच्या टँकरला वाट द्यायला गाडी हलवायची वेळ आली आणि सहा माणसांनी ती रेटली. ती नाकासमोर चालत गेली आणि भिंतीपाशी थांबली, कारण दुसरीकडे जाणे तिला शक्यच नव्हते. हे सगळे मी मान खाली घालून पाहिले. प्रायश्चित्त म्हणतात ते हेच असावे. फक्त त्यात टँकरवाल्याच्या शिव्याही असतात, हे धर्मशास्त्रात लिहिलेले नाही.

नाशिकचे चाक कोजागरीपर्यंत वाळले नाही. माझ्या दिरंगाईने एका म्हाताऱ्या माणसाच्या सोहळ्याला उणेपण आणले होते. फोन करायचे धैर्य मला झाले नाही. कोजागरीनंतर दोन दिवसांनी त्यांचाच आला.

"काका, लाडू फार छान होते. बाबांना दोन दिले. कार्यक्रम व्यवस्थित झाला. त्र्यंबकेश्वरालाही जाऊन आलो."

"कुठल्या चाकावर?" मी विचारले.

"त्याच, आपल्या." त्या हसल्या. "बाबा माझ्या शेजारी बसले होते. गाडी सुरू केली तशी त्यांनी हात लांब करून चाक चाचपलं आणि म्हणाले, 'हे माझं नव्हे.' त्यांना आता नीट दिसत नाही, पण हाताला कळलं. म्हटलं, बाबा, तुमचं रंगवायला दिलंय, हे मंडळाचं आहे, उसनं आणलंय. गप्प बसले. मला वाटलं, रागावले. गावाबाहेर पडल्यावर म्हणाले, 'मग जपून चालव. लोकांचं आहे.' सबंध वाटभर चाळिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही मला!"

मी तिची क्षमा मागितली. कारण सांगितले, खळगीचेही सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, "काका, बाबांच्या चाकावर उजवीकडे तसंच आहे. मीही सांगितलंय, भरू नका म्हणून."

परवा दादाचे चाक आले. काळेभोर, शांत, मंद तुळतुळीत. हाताला आता काही लागत नाही. मिस्त्रीने नव्या बोल्टने ते घट्ट बसवले, एअरबॅग जागेवर गेली आणि मी डोळे मिटून डावा हात ठेवला. खळगी आहे. नव्या रंगाखाली आहे, डोळ्यांना दिसत नाही, पण अंगठ्याला सापडते. अजूनही सैलच बसतो माझा अंगठा. पण उसन्या चाकाने लावलेली खोड मात्र गेलेली नाही. दोन्ही हात आपोआप जागेवर येतात.

आज सकाळी नाशिकहून खाकी पिशवी परत आली. दिवाळीआधी ती मुंबईला, वकीलसाहेबांच्या ओळखीच्या एका नव्या सभासदाकडे धाडायची आहे. पिशवीत चाक होते, वही होती आणि डबा चिवड्याने भरलेला होता. सौ. म्हणाली, "आता यात चकल्या गेल्या पाहिजेत. भाजणी तयार आहे. सोऱ्या तेवढा आणा."

"कुठे आहे?"

"वरच्या मजल्यावर नेलाय, परवापासून. जाऊन मागा."

मी उठलो. सवयीने हात पाठीमागे गेले होते. मग काय वाटले कोण जाणे, तो रिकामा डबा मी डोक्यावर पालथा घातला आणि पहिल्या पायरीवरूनच वर हाक दिली.